जानेवारीत नव्हे, सप्टेंबरात : शहर राज्याकडे काय मागणार, हे कुठे ठरतं?

तळ्याकाठची

नमस्कार.

मी वॉशिंग्टन राज्यात कर्कलंडला राहते. सिॲटलच्या समोर, लेक वॉशिंग्टनच्या पूर्व काठावरचं हे शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९२ हजारांच्या आसपास. गेली दोन वर्षं मी इथल्या सिटी कौन्सिलच्या बैठका नियमाने ऐकते आहे. त्यातला एक भाग, शहर राज्याकडे मागायच्या गोष्टींची यादी कशी करतं तो, मला कुणीतरी आधीच समजावून सांगायला हवा होता असं सारखं वाटतं, म्हणून हा धागा. लांबेल, पण वाचा.

आधी २०२३ च्या फेब्रुवारीत काय झालं ते सांगते. मुलाच्या शाळेच्या वाटेवर गाड्या फार जोरात जातात. मी शहराला लिहिलं की इथे वेग टिपणारा कॅमेरा लावा. उत्तर सविस्तर आलं. कॅमेऱ्याने टिपलेला प्रत्येक फोटो पोलिस अधिकाऱ्याने स्वतः बघून सही केल्याशिवाय दंडाची नोटीस निघत नाही, असा तेव्हा राज्याचा कायदा होता. अधिकारी मोजके. कॅमेरे वाढवले तर फोटो बघायला माणसं कुठून आणायची? म्हणजे माझ्या गल्लीतली अडचण शहराच्या हातातच नव्हती, ती ऑलिम्पियाला, म्हणजे आमच्या राजधानीत, जाऊन बसली होती. मग मी एका आमदाराच्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिलं. चार दिवसांनी फोन आला. म्हणणं पटलं, पण नवीन विधेयक समितीतून बाहेर पडायची मुदत गेल्याच आठवड्यात संपली, आता पुढच्या वर्षी. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते. दोन महिने माहिती गोळा केली होती हो!

मुदतींचा हा हिशोब नीट कळला तेव्हा बाकीचंही कळत गेलं. इथलं कायदेमंडळ वर्षभर चालत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी बसतं आणि विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६० दिवस चालतं. १२ जानेवारी २०२६ चं अधिवेशन साठ दिवसांचं. त्या साठ दिवसांतही पायऱ्या आहेत : अमुक तारखेपर्यंत विषय-समिती, तमुक तारखेपर्यंत पैशाची समिती, मग ज्या सभागृहात मांडलं ते सभागृह, मग दुसरं. एक पायरी चुकली की विधेयक जवळजवळ तिथेच संपलं. विधेयकं दाखल करून घ्यायला तर डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपासूनच सुरुवात होते. आता उलटं मोजा. डिसेंबरात विधेयक दाखल व्हायचं तर ते मांडायला तयार असलेला आमदार नोव्हेंबरात हवा. नोव्हेंबरात शहर आमदारांना भेटणार तर शहराच्या मागण्यांची यादी त्याआधी पक्की हवी. यादी पक्की व्हायची तर कच्चा मसुदा सप्टेंबर-ऑक्टोबरात.

हा मसुदा करतो तीन कौन्सिलरांचा छोटा गट. त्याला इथे ‘लेजिस्लेटिव्ह वर्कग्रुप’ म्हणतात. कौन्सिल सात जणांचं, त्यामुळे चौघे जमले की कोरम होतो आणि ती कौन्सिलचीच बैठक ठरते. म्हणून तीन. सोबत सिटी मॅनेजरच्या (आपल्याकडच्या आयुक्तासारखा नेमलेला प्रशासक) कार्यालयातली माणसं आणि लॉबिस्ट, म्हणजे आमदारांपुढे बाजू मांडायला शहराने ऑलिम्पियात नेमलेला माणूस. प्रत्येक खातं आपापलं दुखणं घेऊन येतं : रस्ते, पार्क, अग्निशमन, पोलिस, नियोजन. या सगळ्यातून जे कागदावर उरतं त्याचे थर असतात. सर्वांत वर काही कायमची तत्त्वं : राज्याकडून शहराला मिळणाऱ्या महसुलातला वाटा कमी करू नका, पैसे न देता नवीन कामं शहराच्या गळ्यात घालू नका, राज्याचा किंवा काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) खर्च शहराकडे ढकलू नका. मग त्या वर्षीचे अग्रक्रम, म्हणजे शहर स्वतः पुढे होऊन जे मागणार ते. आणि शेवटी, दुसरं कुणी पुढे नेत असेल तर आमचा पाठिंबा आहे अशा विषयांची यादी.

अग्रक्रमाची यादी मुद्दाम तोकडी ठेवतात. कर्कलंडमध्ये तीन मतदारसंघ येतात : पहिला, पंचेचाळिसावा आणि अठ्ठेचाळिसावा. प्रत्येकी एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी, म्हणजे नऊ आमदार. नऊच्या नऊ जणांना दुसरीही शहरं आहेत, आणि प्रत्येक शहर यादी घेऊन येतं. वीस कलमं दिली तर आमदार त्यातलं स्वतःला सोपं वाटेल ते उचलणार. चार दिली तर चारही लक्षात राहतात.

मसुदा कौन्सिलपुढे येतो तेव्हा फिरून फिरून तेच प्रश्न विचारले जातात, ते मी वहीत लिहून ठेवलेत. हे काम शहर स्वतः आपला स्थानिक कायदा करून करू शकतं का? करू शकत असेल तर राज्याकडे कशाला? कायद्यातलं नेमकं कुठलं वाक्य बदलायचं आहे? मांडायला आमदार कोण? राज्याला किती खर्च येईल? आणखी कुठल्या शहराला हेच हवंय? माझं दोन पानी पत्र यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नव्हतं. त्यात फक्त गाड्या जोरात जातात एवढंच होतं.

२०२३ च्या शरदात मी कौन्सिलपुढे तीन मिनिटं बोलले. नागरिकाला तेवढीच मिळतात. या वेळी एकच वाक्य मागितलं : फोटो तपासायचं काम प्रशिक्षित बिगर-पोलिस कर्मचाऱ्याला करू द्या. अनेक शहरांनाही हेच हवं होतं. २०२४ च्या साठ दिवसांच्या अधिवेशनात एचबी (हाउस बिल, म्हणजे प्रतिनिधीगृहात मांडलेलं विधेयक) २३८४ मंजूर झालं आणि कॅमेऱ्यांच्या सगळ्या नियमांची फेरमांडणी झाली. त्यात हे वाक्य आहे. दंडाला सर्वसाधारणपणे १४५ डॉलरची कमाल मर्यादा आहे (शाळेपाशी वेगासाठी तो दुप्पट होऊ शकतो), सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना सवलत आहे. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण विधेयक वाचताना आपण मागितलेलं वाक्य ओळखीच्या माणसासारखं समोर आलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

तुमच्या शहरात ही यादी कशी होते, जरूर लिहा.

---

बेलेव्ह्यूकर

फार चांगला धागा. मी शेजारच्याच गावात बारा वर्षं राहतोय आणि आमच्या शहराची अशी यादी असते हेही मला माहीत नव्हतं. एक भाबडा प्रश्न : इतकी श्रीमंत शहरं, मग प्रत्येक गोष्टीला राज्याच्या दारात का जावं लागतं?

---

तळ्याकाठची

@बेलेव्ह्यूकर, भाबडा अजिबात नाही. रोजच्या कारभारात शहरांना बरीच मोकळीक आहे, पण करांच्या बाबतीत नाही. राज्याने स्पष्ट शब्दांत अधिकार दिल्याशिवाय शहर एकही नवा कर लावू शकत नाही. जुन्या करांच्या मर्यादाही राज्यच ठरवतं. ‘आकडेमोड’ इथे असतील तर त्यांनी एक टक्क्याबद्दल लिहावं, त्यांचा तो विषय आहे.

---

आकडेमोड

आलो. एक टक्क्याची गोष्ट न सांगता वॉशिंग्टनच्या शहरांच्या मागण्या कळणारच नाहीत.

इथे मालमत्ता करातून शहराला मिळणारी एकूण रक्कम दरवर्षी फार तर १ टक्क्याने वाढवता येते. नवीन बांधकामाचा कर त्यावर वेगळा मिळतो. नीट लक्षात घ्या, ही मर्यादा तुमच्या घराच्या बिलावर नाही, शहराच्या एकूण वसुलीवर आहे. घरांच्या किमती दुप्पट झाल्या तरी शहराचा गल्ला एकाच टक्क्याने वाढतो, दर आपोआप खाली येतो. त्याहून जास्त हवं असेल तर मतदारांकडे जाऊन कौल घ्यायचा.

हे आलं २००१ च्या इनिशिएटिव्ह ७४७ मधून. टिम आयमन यांची ती मोहीम, लोकांनी मतदानाने मंजूर केलेली. नोव्हेंबर २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आणि त्याच महिन्यात कायदेमंडळाने खास अधिवेशनात तीच मर्यादा पुन्हा कायद्यात घातली! लोकांच्या रागाची भीती एवढी होती.

आता साधा हिशोब करा. शहराचा बहुतेक खर्च माणसांवर : अग्निशमन, पोलिस, पार्कची देखभाल. पगार, आरोग्यविमा, डांबर, डिझेल, यातलं काहीही वर्षाला एका टक्क्याने वाढत नाही. २०२२ च्या जूनमध्ये देशातली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. तेव्हाही मर्यादा एकच. दहा वर्षांत मिळकत चक्रवाढीने साधारण साडेदहा टक्के वाढणार. खर्च नुसत्या ३ टक्क्यांनी वाढला तरी दहा वर्षांत ३४ टक्के वर जातो. मधली दरी विक्रीकराने आणि फीने बुजवायची, आणि मंदी आली की विक्रीकर आधी कोसळतो.

म्हणून अनेक शहरांच्या यादीत हे कलम वर्षानुवर्षं असतं : एक टक्क्याची मर्यादा महागाईशी जोडा, पण तीन टक्क्यांवर थांबवा. २०२४ मध्ये विधेयक बारगळलं. २०२५ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही मागे घेतला गेला. निवृत्त लोक घाबरतात आणि त्यांची भीती खरी आहे; माझ्या शेजारच्या आजींचं घर चाळीस वर्षांपूर्वीचं, उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटी. त्यांच्याशी बोलल्यावर मी स्वतः या मागणीबरोबर ज्येष्ठांच्या सवलतीची उत्पन्नमर्यादा वाढवावी हेही जोडायला लागलो.

पडणार हे दिसत असताना यादीत का ठेवायचं, असं पुष्कळ जण विचारतात. माझं उत्तर : दरवर्षी मागत राहिल्याने दुसरं काहीतरी पदरात पडतं. २०२५ मध्ये एचबी २०१५ आलं, त्यात शहरांना सार्वजनिक सुरक्षेसाठी ०.१ टक्का विक्रीकर कौन्सिलच्या ठरावाने लावायचा अधिकार मिळाला, अटींसह. मालमत्ता करावर नाही म्हणणारे आमदार इथे हो म्हणाले. मला स्वतःला हा सौदा आवडत नाही, विक्रीकर गरिबाला जास्त लागतो. पण वाटाघाट अशीच चालते.

---

विषयपत्रिका

मी पुणे महापालिकेत नगरसचिव कार्यालयात नोकरी केली. आता निवृत्त आहे, मुलीकडे सॅन होजेला सहा महिने असतो. हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे समित्या भरपूर होत्या : स्थायी, शहर सुधारणा, महिला व बालकल्याण, क्रीडा, आणि हो, विधी समितीही. पण पुढच्या वर्षी राज्य शासनाकडे कोणते कायदे मागायचे याची बसून यादी करणं हे कुणाचंच काम नव्हतं. आमची पद्धत ठरावाची. सूचक, अनुमोदक, मुख्य सभेची मान्यता, मग आयुक्तांमार्फत नगरविकास विभागाकडे. एकेक विषय सुटा जायचा, सुटाच पडून राहायचा. त्याच्या मागे लागायला मंत्रालयात महापालिकेचा नेमलेला माणूस नसायचा. नगरसेवक ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा मंत्री असेल तर फाइल हलायची.

उदाहरण सगळ्या पुणेकरांना ठाऊक आहे. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत, १९७० पासून चालू. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, २०१८ मध्ये राज्याने ती रद्द केली. लोकांना फरकाची बिलं गेली, आमच्या खिडकीपुढे म्हातारी माणसं पावत्यांच्या पिशव्या घेऊन उभी राहायची. आम्ही काय सांगणार त्यांना? निर्णय आमचा नव्हता. शेवटी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. सवलत देणारी महापालिका, भरणारे पुणेकर, आणि निर्णय मुंबईत.

आमच्या १९४९ च्या अधिनियमात कलम ४५१ आहे. त्याखाली शासन महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. ‘विखंडित’ हा शब्द मी आयुष्यात किती वेळा टाइप केला असेल! आणि मार्च २०२२ नंतर काही वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मागायला तोंडच उरलं नव्हतं.

तळ्याकाठचीताई, तुमचे ते वहीतले प्रश्न मला फार आवडले. ‘कायद्यातलं नेमकं कुठलं वाक्य’ हा प्रश्न आमच्या ठरावांना कुणी विचारला असता तर निम्मे ठराव शासनाकडे गेलेच नसते आणि उरलेल्या निम्म्यांकडे कुणीतरी लक्ष दिलं असतं.

---

तळ्याकाठची

काका, पावत्यांच्या पिशव्या डोळ्यांपुढे आल्या. माझ्या आजोबांचीही अशीच पिशवी होती, कोथरूडला. लिहीत राहा इथे.

---

ऑस्टिनचा पाहुणा

टेक्सासची बाजू थोडक्यात. आमचं कायदेमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी १४० दिवस बसतं. यादी चुकली तर दोन वर्षं थांबा. आणि आमच्या शहरांच्या यादीत ‘हे द्या’ पेक्षा ‘हे काढून घेऊ नका’ जास्त असतं. २०२३ च्या एचबी २१२७ ने शहरांच्या कितीतरी स्थानिक कायद्यांवर सरसकट गदा आणली, मग कोर्टकचेऱ्या. शहरांनी लोकांच्या पैशातून लॉबिस्ट नेमूच नये असंही विधेयक इथे पुन्हा पुन्हा येतं. २०२५ मध्ये सिनेटने मंजूर केलं होतं, पुढे अडलं. ते झालं तर तुमच्या वर्कग्रुपसारख्या गटाने यादी करूनही ती राजधानीत घेऊन जाणार कोण?

---

उंबरठा

मला इथे वेगळा सूर लावायचा आहे. कुणी रागावू नये, मनापासून लिहितेय.

मी ईस्टसाइडवर (तळ्याच्या पूर्वेकडच्या शहरांच्या भागात) भाड्याने राहते, नऊ वर्षं झाली. शहरांना राज्याने मोकळीक द्यावी हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण याच मोकळिकीच्या नावाखाली राज्यभरातल्या कितीतरी शहरांनी वर्षानुवर्षं एका प्लॉटवर एकच घर हा नियम धरून ठेवला. २०२२ मध्ये राज्याने तो सैल करायचा प्रयत्न केला, तो अडला. २०२३ मध्ये एचबी १११० झालं तेव्हा कुठे दार उघडलं : ७५ हजारांहून मोठ्या शहरात प्रत्येक निवासी प्लॉटवर चार घरं, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपच्या पाव मैलात सहा. विधेयक मांडणाऱ्या जेसिका बेटमन स्वतः ऑलिम्पियाच्या कौन्सिलवर होत्या, म्हणजे शहर कसं चालतं हे जाणणाऱ्या बाईने शहरांवर हे बंधन घातलं.

तर माझा प्रश्न असा. तिघांच्या गटाकडे सप्टेंबरात कोण पोचतं? ज्याचं घर स्वतःचं आहे, ज्याला कौन्सिलरचं पहिलं नाव माहीत आहे, ज्याला संध्याकाळी वेळ आहे. मी दोन नोकऱ्या करत होते तेव्हा मला कौन्सिल कुठे भरतं हेही माहीत नव्हतं. यादी तोकडी ठेवायची म्हणता, मग जी कलमं गळतात ती कुणाची असतात?

---

तळ्याकाठची

@उंबरठा, एक दिवस थांबून उत्तर देतेय, कारण प्रश्न तसा आहे.

कर्कलंडपुरतं सांगायचं तर २०२० च्या मार्चमध्ये, म्हणजे एचबी १११० च्या तीन वर्षं आधी, या शहराने स्वतःहून दुहेरी-तिहेरी घरांना आणि कॉटेजना मोकळीक दिली होती. पण तुमचा मुद्दा त्याने मोडत नाही. एखादं शहर पुढे असतं म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडावं असं होत नाही. त्या कायद्यात राज्याने हात घातला ते योग्यच झालं असं मला वाटतं. इथेच हॉटनचं उदाहरणही आहे. हॉटन १९६८ मध्ये कर्कलंडमध्ये विलीन झालं, तेव्हापासून त्या भागाच्या स्वतंत्र मंडळाला तिथल्या जमीनवापराचे निर्णय नाकारायचा अधिकार होता. बाकीच्या शहराला नसलेला नकाराधिकार, पन्नासहून जास्त वर्षं! २०२२ मध्ये कायदेमंडळाने ती व्यवस्थाच रद्द केली. काही शेजारी अजून दुखावलेले आहेत, पण मला तो निर्णय न्याय्य वाटतो.

कोण पोचतं, याचं उत्तर माझ्याकडे चांगलं नाही. मी पोचले कारण मला संध्याकाळी वेळ होता आणि नवरा मुलाला झोपवत होता. ईमेलने लिहिलेलंही कौन्सिलपुढे जातं, तिथे यावंच लागतं असं नाही. पण हे माहीत तरी हवं ना.

---

उंबरठा

सरळ उत्तर दिलंत, बरं वाटलं. यंदा भाडेकरूंच्या बाजूने मी लिहीन. २०२५ च्या एचबी १२१७ ने भाडेवाढीला मर्यादा आली : सात टक्के अधिक महागाई किंवा दहा टक्के, दोन्हींत जे कमी ते. पण घरमालकाने हा कायदा मोडला तर भाडेकरूने जायचं कुठे, ही मदत शहराने द्यायची की राज्याने, हे कुठल्यातरी यादीत यायला हवं.

---

कागदी घोडे

मी दुसऱ्या एका शहरात नोकरीला आहे, नाव सांगत नाही. उंबरठाताईंच्या प्रश्नाला धरून एक गोष्ट, जी बाहेरच्यांना सहसा माहीत नसते.

या राज्यात सरकारी संस्था आमदारांकडे आपली मागणी मांडू शकतात, माहिती देऊ शकतात. त्याचा खर्च दर तिमाहीला पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे कळवतात. पण सरकारी पैसा वापरून नागरिकांना ‘तुमच्या आमदाराला फोन करा’ असं सांगायला कायद्याने बंदी आहे. म्हणून शहराच्या पत्रकात ‘ही आमची यादी’ एवढंच छापता येतं, ‘आमच्या बाजूने उभे राहा’ असं नाही. नियम योग्यच आहे, लोकांच्या पैशाने लोकांनाच कामाला लावू नये. पण त्यामुळे यादी कागदावरच राहते आणि लोकांना पत्ता लागत नाही. अशा वेळी ते काम या धाग्यासारख्या ठिकाणीच होऊ शकतं.

दुसरं, एकटं शहर क्वचितच जिंकतं. राज्यात २८१ शहरं आणि गावं आहेत, त्यांची असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज आपली वेगळी यादी करते. किंग काउंटीतल्या शहरांची साउंड सिटीज असोसिएशन आहे, तिची वेगळी. आपल्या शहराचं कलम त्या मोठ्या यादीत चढलं तर त्याला पाय फुटतात. म्हणून तुमच्या कौन्सिलरला विचारा : हे असोसिएशनपुढे नेलंत का?

आणि यंदाच्या अनेक याद्यांत एक कलम असणारच : सरकारी बचाव वकील. ज्याला वकील परवडत नाही त्याला द्यायचा वकील किरकोळ गुन्ह्यांत शहराला पुरवावा लागतो. जून २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वकिलावरचा भार उतरवायचा आदेश काढला : वर्षाला ४०० किरकोळ प्रकरणांची जुनी मर्यादा टप्प्याटप्प्याने १२० वर आणायची, दहा वर्षांत, सुरुवात जानेवारी २०२६ पासून. आदेश अत्यंत योग्य आहे. चारशे अशिलांची नावं तरी वकिलाच्या लक्षात राहतील का? पण वकील तिप्पट लागणार आणि पैसे शहराच्या तिजोरीतून. ‘पैसे न देता कामं गळ्यात घालू नका’ हे वरचं तत्त्व पोकळ वाटत असेल तर हा त्याचा अर्थ.

---

बेलेव्ह्यूकर

अधिवेशन सुरू झाल्यावर काय? यादी कपाटात?

---

कागदी घोडे

उलट, तेव्हा खरी धावपळ. दोन हजारांच्या घरात विधेयकं असू शकतात. लॉबिस्ट रोज चाळतो, खात्यांना पाठवतो, तक्ता बनतो : पाठिंबा, विरोध, तटस्थ, नुसतं लक्ष ठेवा. सुनावणीची सूचना कधी कधी दोन-तीन दिवस आधी येते आणि कौन्सिल महिन्यातून दोनदाच भरतं. म्हणून तत्त्वांची गरज. विधेयक मंजूर तत्त्वात बसत असेल तर छोट्या गटाने लगेच भूमिका घ्यायची, नसेल बसत तर पूर्ण कौन्सिलपुढे. सप्टेंबरात लिहिलेल्या एका ओळीच्या जोरावर फेब्रुवारीत शहर रातोरात पत्र पाठवू शकतं.

नागरिकांसाठी : कायदेमंडळाच्या संकेतस्थळावर सुनावणीच्या एक तास आधीपर्यंत बाजूने किंवा विरोधात नाव नोंदवता येतं, घरबसल्या. दोन मिनिटांचं काम.

---

नवी वाट

मी या वर्षीच कर्कलंडला आले. धागा वाचून धीर आला म्हणून लिहितेय. क्रॉस कर्कलंड कॉरिडॉरवर (जुन्या रेल्वेमार्गाचा पावणेसहा मैलांचा ट्रेल) सासऱ्यांना रोज फिरायला नेते. सोळाही पूर्ण नसलेली मुलं विजेच्या मोटरसायकली सायकल म्हणून भरधाव नेतात. मागच्या आठवड्यात बाबा घाबरून बाजूच्या खडीत पडले. गुडघा फुटला, बाकी ठीक आहेत. मंगळवारी बोलायचं ठरवलंय. हे लिहिलंय, बघाल का?

‘ट्रेलवर ज्येष्ठ नागरिक सुरक्षित नाहीत. शहराने वेगावर मर्यादा घालावी, पोलिसांनी गस्त घालावी, पालकांना समज द्यावी, शाळांनी प्रबोधन करावे, आणि राज्याने ई-बाइकबाबत कडक कायदा करावा.’

---

तळ्याकाठची

बाबांना जपा. आधी हे सांगते की खडी आणि गुडघ्याची दोन वाक्यं तुम्ही भाषणातून गाळलीत. ती आत घ्या.

आता वहीतला पहिला प्रश्न लावा. ट्रेलवरचा वेग आणि गस्त शहर स्वतः ठरवू शकतं, ते कौन्सिलला शहराचं काम म्हणून सांगा, वेगळ्या ईमेलने. राज्याकडची बाजू वेगळी काढा. राज्याच्या कायद्यात ई-बाइकची व्याख्या आहे : पेडल हवेत, मोटर ७५० वॉटपर्यंत, वर्गाप्रमाणे मोटरची मदत ताशी २० किंवा २८ मैलांवर बंद. ती मुलं चालवतात ते यात बहुधा बसतच नाही, पण दुकानात आणि ऑनलाइन ई-बाइक म्हणूनच विकलं जातं. पालकांनाही माहीत नसतं. मग नेमकं वाक्य कुठलं मागाल?

---

नवी वाट

असं चालेल का?

‘माझे सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात कॉरिडॉरवर विजेची मोटरसायकल चुकवताना ते पडले. ती चालवणाऱ्या मुलाच्या आईला ती सायकलच वाटत होती, कारण तिला तशीच विकली गेली होती. जे वाहन राज्याच्या ई-बाइकच्या व्याख्येत बसत नाही, ते विकताना “ही ई-बाइक नाही” असं ठळक लिहिणं विक्रेत्यावर बंधनकारक करावं, ही मागणी शहराने आपल्या यादीत घ्यावी.’

घड्याळ लावून वाचलं, चाळीस सेकंद झाले.

---

तळ्याकाठची

यात एक शब्दही वाढवू नका. उरलेल्या दोन मिनिटं वीस सेकंदांत बाबांना उभं राहून स्वतः दोन वाक्यं बोलू द्या, मराठीत बोलले तरी चालेल, तुम्ही सांगा त्यांचं म्हणणं. मी मागच्या रांगेत असेन, निळी ओढणी.

---

विषयपत्रिका

मंगळवारी काय झालं ते इथे लिहा. मी वाट बघतोय.